सेन्सरची टोपी

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी तो तुकडा सुटून नागोरावच्या तळहातावर पडला. बावीस मिलिमीटरचा षट्कोन, उंची अंगठ्याच्या पेराएवढी, एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला आतून, मधोमध बारीक भोक — दोन मिलिमीटर. मोजायची गरज नव्हती. काजळी धरली होती. त्याने ती अंगठ्याने पुसली आणि आटे जिथे संपतात तिथली खाच उजेडाकडे धरली. खाचेचा तळ गोल होता.

अशा खाचेचा तळ गोल ठेवणारा माणूस सगळ्या खडकीत एकच होता, आणि तो या क्षणी स्वतःच्या पांढऱ्या गाडीखाली पोत्यावर उताणा पडला होता.

बाकीचे टर्नर ती खाच चौकोनी काढतात. हत्यार घुसवायचं, बाहेर घ्यायचं, झालं. नागोराव हत्याराचं टोक दगडावर घासून गोल करून घेतो, कारण चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो असं यवतमाळच्या आयटीआयमधल्या एका निदेशकाने १९८३ साली फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि नागोरावला एकदा पटलेली गोष्ट पुन्हा सोडता येत नाही. गिऱ्हाइकाला ती खाच दिसत नाही, भाग बसला की ती आत जाते. तरी तो ती तशीच काढतो. म्हणजे ती एक प्रकारची सहीच — कोणी न वाचणारी — आणि आज ती त्याच्याच गाडीच्या पोटातून बाहेर आली होती.

तो खाली शिरला होता ते एका खडखडणाऱ्या पत्र्यासाठी. गाडी आज चार वाजता दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची होती आणि खडखडणारी वस्तू द्यायची म्हणजे... पत्रा घट्ट केला, आणि सहज मान वळवली तर मागचा सेन्सर नेहमीपेक्षा उंच दिसला. पाइपावर बसलेला नव्हता, पाइपावरच्या कशावर तरी बसला होता. मग त्याला बाकीचंही दिसलं. वेल्डिंगची नवी रेघ. कन्व्हर्टरचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचा, पातळ पत्रा, कुठे नंबर नाही, शिक्का नाही. सेन्सर ज्यात आवळतात ते बूड वरच्या अंगाला हवं, पाणी साचू नये म्हणून, ते इथे तिरपं, जवळजवळ आडवं जोडलेलं. हा कंपनीचा कन्व्हर्टर नव्हता. आणि इंजिनाचा दिवा लागला म्हणून डिसेंबरात गाडी गॅरेजात नेली तेव्हा भैरूने सांगितलं होतं — शब्द न शब्द आठवत होता — ‘मास्तर, कन्व्हर्टर चोंदलाय. धुऊन बसवतो, ओरिजिनलच ऱ्हाईल. तुमच्या गाडीला बाहेरचं न्हाय घालायचं.’

तुमच्या गाडीला.

नागोराव उठला नाही. पोतं पाठीखाली गोळा झालं होतं, मानेला टोचत होतं, आणि तो टोचू देत होता. स्टेशनाच्या बाजूला एक मालगाडी बराच वेळ जात राहिली आणि मग नव्हती.

टोपी. लोणी काळभोरला भैरूच्या गॅरेजात या तुकड्याला टोपी म्हणतात. २०१४च्या दिवाळीनंतर भैरू एक पितळी नमुना घेऊन आला होता, या इथेच, लेथच्या पत्र्यावर टेकून उभा राहिला होता. ‘सेन्सरची टोपी हाय, मास्तर. कंपनीचा कन्व्हर्टर कुणाला परवडतुया, लोक बाहेरचा टाकतात. बाहेरच्याला सेन्सरची जागा धड नसती, सेन्सर आत टोचतो. ही मधी घातली की जरा वर ऱ्हातो. स्टीलमधी पायजे, पितळ टिकत न्हाय.’ नागोरावने नमुना कॅलिपरने मोजला, वहीत लिहिलं : टोपी, ५० नग. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तेच. काम झालं की फोन करायचा — ‘भैरू, टोप्या तयार आहेत’ — आणि पलीकडे स्पीकर चालू असायचा, पाने आपटल्याचा आवाज यायचा, आणि कोणीतरी म्हणायचं, ‘मास्तर टोप्या घिऊन यायला लागलेत रे!’ — की हशा. गॅरेजात माणसं हसतात. नागोरावने तो हशा कधी स्वतःकडे ओढून घेतला नव्हता. आज पोत्यावर पडल्या पडल्या तो शब्द पहिल्यांदा उलटा झाला. टोपी. टोपी घालणे. सव्वादोन वर्षं तो हा शब्द स्वतःच्या अक्षरात लिहीत होता, फोनवर मोठ्याने म्हणत होता, आणि शाळेतल्या पोराला कळेल असा त्याचा अर्थ... त्याच्या कामात टोपी म्हणजे वरून बसणारी वस्तू. एवढंच. ग्रीसच्या निपलला टोपी असते, बेअरिंगला टोपी असते.

“अहो, काय पाहून राहिले हातात?”

यमुनाबाईंची पावलं दिसली, मग वाकलेला चेहरा. चहाचा कप त्यांनी मडगार्डवर ठेवला.

“काही नाही. एक नट.”

“नट पाहून कोणी इतका वेळ पडून राहते का? बाई चारला येतील न. मी डिकी रिकामी केली. रुपालीची ती छत्री निघाली, पाहा, आपण घरभर शोधली.” मग जरा थांबून, “तब्येत बरी आहे न?”

“बरी आहे.”

“मग बाहेर या. चहावर साय धरते.”

तो बाहेर आला. हात पुसले. तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. खिसा खाली ओढला गेला आणि दिवसभर तसाच ओढलेला राहिला.

सुनीती आगाशे चार वाजता येणार होत्या, आणि त्यांना दोन ओळी लिहून हव्या होत्या. हे मागच्या रविवारी ठरलं होतं. नारायण पेठेतल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. गाडीभोवती एकच फेरी मारली, टायरला लाथ वगैरे मारली नाही. म्हणाल्या, “मला गाडीतलं काही कळत नाही. त्यामुळे मी विकणाऱ्याला प्रश्न विचारते आणि त्याच्याकडे बघते. हिच्यातलं सगळं मूळचं आहे, असं आपण लिहून द्याल का?” नागोराव म्हणाला, “देतो की.” बाई म्हणाल्या, “आपण तिसरे. पहिल्या दोघांनी या प्रश्नानंतर चहा विचारला.” नागोरावला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. भोसरीचा कारखाना सोडून सतरा वर्षं झाली होती, तिथे त्याच्या भागांची तपासणी पाचातला एकच काढून व्हायची, बाकीच्यांचे पाचच्या पाच. आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याच्याकडे बघून ठरवलं होतं की बाकीचं तपासायची गरज नाही.

आता ते वाक्य त्याला लिहिता येणार नव्हतं. किंवा येणार होतं. अजून नऊच वाजले होते आणि लिहायला चार वाजेपर्यंत वेळ होता, आणि त्याआधी एकच गोष्ट कळायला हवी होती : हे भैरूने स्वतः, जाणून, माझ्या गाडीला केलं, की गॅरेजातल्या कोणी घाईत. दिवसाला वीस गाड्या येतात. चुकून बाहेरचा कन्व्हर्टर बसला असेल. भैरूला माहीतही नसेल. नागोरावने हे दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं. बाहेरचा कन्व्हर्टर चुकून बसू शकतो. पण टोपी चुकून बसत नाही, टोपीला हात लांब करून डब्यातून घ्यावी लागते.

त्याने सेन्सर टोपीशिवाय, सरळ पाइपात बसवला. पान्याने घट्ट केला. आणि गाडी सुरू करून डॅशबोर्डवर जिथे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो त्या जागेकडे पाहिलं. अंधार. लगेच लागत नाही तो. गाडी बराच वेळ चालावी लागते, बंद करून पुन्हा चालावी लागते, मग तिची खात्री पटते.

हे त्याला रुपालीने सांगितलं होतं. मुलगी हिंजवडीला एका कंपनीत, गाड्यांच्या इंजिनाचा जो छोटा संगणक असतो त्याचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. सध्या सहा महिन्यांसाठी जर्मनीला होती, आणि ती परत आली तरी कंपनीची बस होतीच, म्हणून तर गाडी विकायची. एका रविवारी जेवताना तिने ताटाच्या कडेला दोन बोटं ठेवून दाखवलं होतं. हा पुढचा सेन्सर, कन्व्हर्टरच्या आधी. हा मागचा, नंतर. “पुढचा सारखा वर-खाली होत असतो, बाबा, ते नॉर्मल आहे. मागचा शांत पाहिजे. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की समजायचं, मधला कन्व्हर्टर काहीच करत नाहीये, धूर आला तसा जातोय. मागच्याचं काम फक्त एवढंच. चेक करणं. तो गाडी चालवत नाही.” नागोरावला ते आवडलं होतं. स्वतः काही न करता फक्त खरं काय ते सांगणारा भाग.

तो भैरूकडे निघाला. पुणे स्टेशन, हडपसर, मग सोलापूर रस्ता. अकरा वाजून गेले होते. उसाचा एक ट्रॉलीवाला पुढे होता आणि नागोरावने त्याला ओव्हरटेक केलं नाही. त्याला पोचायची घाई नव्हती. याच रस्त्याने, उलट्या दिशेला, २००० साली भैरू ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला होता. कारखान्याने जुनी लेथ लिलावात काढली, नागोरावने सक्तीच्या ऐच्छिक निवृत्तीच्या पैशांतून ती घेतली, आणि टेम्पोवाले साडेतीन टनाचं नाव काढल्यावर फोन ठेवायचे. भैरू त्याच कारखान्यातला, त्याच्या शेजारच्या मशीनवरचा, आधीच नोकरी सोडून रस्त्याकडेला गॅरेज टाकलेला. सहा माणसं आणि एक साखळी घेऊन आला. लेथ उतरवताना पहार निसटली तेव्हा त्याने नागोरावला कॉलर धरून मागे ओढलं होतं. त्या शर्टाची वरची दोन बटणं तुटली. त्याआधी, रुपालीच्या वेळी, यमुनाला रक्त लागलं तर त्यानेच... नाही, हे आठवायचं नव्हतं. हे आठवलं की हिशेबात ते पारड्यात पडतं, आणि तो पारड्याचा हिशेब नव्हता. कोणी तुम्हाला कॉलर धरून मागे ओढलं म्हणून त्याला पुढे कधीतरी ढकलायची मुभा मिळते का? मी तसा विचार कधी केला नव्हता. मला वाटायचं, भैरूच्या गॅरेजात दोन प्रकारच्या गाड्या येतात : लोकांच्या, आणि माझी.

मला हे वाटत होतं, म्हणजे लोकांच्या गाड्यांचं काय होतं ते मला ठाऊक होतं का?

हा प्रश्न मांजरीच्या फाट्याजवळ आला. नागोरावने गिअर बदलला.

गॅरेजात पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. गाडी बंद केली. दिवा लागला नव्हता.

“या मास्तर, या!” भैरू काचेच्या टेबलामागून ओरडला, मोबाइलवरून मान न काढता. “गाडी इकली म्हणं? आन् आमाला पेढा न्हाय व्हय?”

“चारला द्यायची आहे.”

नागोरावने खिशातून तुकडा काढला आणि काचेवर ठेवला. फार हळू ठेवला, तरी आवाज झाला.

“आल्या का टोप्या? एकच? बाकीच्या कुटं हायत?” भैरूने तुकडा उचलला, फिरवला, बोटाला लागलेली काजळी पाहिली. “वापरलेली दिसती.”

“माझ्या गाडीतली आहे.”

भैरूने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या गाडीकडे, मग नागोरावकडे. नागोरावने हा क्रम लक्षात ठेवला.

“मग?”

“तू म्हणाला होतास, ओरिजिनल धुऊन बसवला.”

“मास्तर, धुऊन कुटं नीट हुतंय का ते? आतली जाळी ढासळली व्हती. बाहेरचा टाकला. बाहेरच्याला टोपी लागतीच.”

“मग तसं सांगायचं.”

“सांगितलं असतं तर टाकू दिला असता? कंपनीतनंच मागवा म्हणाला असता, आन् गाडी हितं दोन म्हैने उभी. मी वळखत न्हाय का तुमाला? दिवा गेला का न्हाय? गेला. परत आला का? न्हाय.” भैरूने तुकडा बोटांत धरून उजेडाकडे केला आणि त्याच्या आवाजात खरंखुरं कौतुक आलं. “दुसऱ्या कुणाची असती तर एव्हाना फुसफुस करत असती. तुमची हाय म्हणून टिकली. काय फिटिंग हाय, बगा की.”

मागे पिटाच्या खड्ड्यात कोणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला तरी.

“आणि माझा जुना कुठे आहे?”

“गेला.”

“कुठे गेला? तू काढलेले प्लगसुद्धा पेपरात गुंडाळून डिकीत ठेवतोस. जुना माल गिऱ्हाइकाचा, असं तूच बोर्ड लावलंयस.”

“प्लगाला कोण इचारतंय, मास्तर,” भैरू म्हणाला, आणि थांबला.

म्हणजे कन्व्हर्टरला विचारणारे असतात. आतल्या जाळीला प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा असतो, हे नागोरावला रुपालीने नाही, वर्तमानपत्राने सांगितलं होतं. परदेशात लोक रात्रीत गाड्यांखालून कापून नेतात. जाळी ढासळली होती की नव्हती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. तो दिवा कशामुळे लागला होता? कदाचित एखादी वायर सैल असेल. नागोरावने हे विचारलं नाही. भैरूच्या मनगटावर तेलाचा एक जुना डाग होता, कातडीत कायमचा गेलेला. तो डाग नागोराव तीस वर्षं बघत होता आणि आत्ताही बघत होता.

भैरूने तुकडा काचेवर ठेवला, खुर्ची पुढे ओढली. आवाज उतरवला, त्यात थट्टा नव्हती.

“मास्तर, येक इचारू का? राग धरू नका. ते भोक तुमीच पाडता. दोन मिलिमीटर. येवढ्याशा भोकातनं सेन्सरला काय वास लागणार, हे तुमाला ठावं नव्हतं? शंभराव्या भागाचा फरक तुमच्या बोटाला लागतो. आमी तर धरून चाललो व्हतो, तुमाला समदं ठावं हाय. पोरं म्हणायची, मास्तर लई पक्का गडी, तोंडावर काय दाखवत न्हाय.”

नागोरावने तुकडा उचलला. दाराशी असताना भैरू मागून म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात, “आयनं मेथी काढून ठिवलीया तुमाला. घिऊन जावा, न्हायतर मला शिव्या घालंल.”

आणि नागोरावने ती घेतली. चार जुड्या, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या. मथुराबाईंनी, भैरूच्या आईने, सकाळी शेतातून काढल्या असणार. मागच्या सीटवर ठेवल्या. हे आपण का केलं, हे त्याला हडपसर येईपर्यंत कळलं नाही. तिथे कळलं की नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण ऐकून मथुराबाई त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या, हे त्याला नको होतं.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी, मगरपट्ट्याच्या पुलाखाली सिग्नलला उभा असताना, दिवा लागला. छोटा, पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. आवाज नाही, झटका नाही, गाडी पूर्वीसारखीच चालत होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा नागोरावला कळलं की सिग्नल सुटून गेला आहे.

आणि त्याच क्षणी — पुलाखालच्या सावलीत, मेथीच्या वासात — ते जेवण पुन्हा आठवलं, या वेळी पुढचंही. रुपाली ताटावरची बोटं उचलून म्हणाली होती, “आणि लोक काय करतात माहितेय, बाबा? मागच्या सेन्सरला थोडा बाहेर काढतात. मध्ये स्पेसर टाकतात, बारीक होलवाला. मग त्याला कळतच नाही, तो शांत बसतो. आम्हाला टेस्टमध्ये तीही केस लिहावी लागते. इतकी कॉमन आहे ती. चीप ट्रिक.” तेव्हा आत, लेथच्या शेजारच्या ट्रेमध्ये, पन्नासातले बत्तीस तुकडे तयार पडलेले होते. नागोरावने वरणाचं भांडं पुढे ओढलं होतं. यमुनाबाई म्हणाल्या होत्या, “हे काय, आत्ताच तर वाढलं.” रुपाली स्पेसर म्हणाली होती. तो टोप्या बनवत होता. दोन शब्द होते, दोन वेगवेगळ्या भाषांतले, आणि दोन्ही शब्दांना आपापल्या जागी राहू द्यायला काहीच लागत नव्हतं, फक्त थोडं वरण.

जेवून उठल्यावर त्याने उरलेले अठरा पूर्ण केले. इतकंच नाही. त्याआधी, पहिल्या खेपेलाच, त्याने भैरूला स्वतःहून सांगितलं होतं — ‘भोक आतून साफ करून देतो, कडेला धातूचा बुरा राहिला तर हवा एकसारखी जाणार नाही.’ भैरूने त्याच्याकडे टक लावून पाहिलं होतं आणि म्हणाला होता, ‘तुमच्यासारखा माणूस न्हाय, मास्तर.’ ते वाक्य नागोरावने कित्येक दिवस जपलं होतं. आता वाटत होतं, भैरू त्या वेळी एका माणसाकडे पाहत होता आणि नागोराव दुसऱ्याच माणसाच्या वतीने खूश होत होता.

तरीही. तरीही त्याने मला सांगायला हवं होतं. लोकांना फसवायला आपण दोघं मिळून एक वस्तू बनवतो, हे मला न सांगता त्याने ठरवलं. मग तीच वस्तू माझ्या गाडीला लावताना पुन्हा मला न सांगता ठरवलं. दोनदा. पहिल्यांदा मला ठाऊक आहे असं धरून, दुसऱ्यांदा मला कळणार नाही असं धरून. दोन्ही एकाच वेळी कसं धरता येतं? नागोरावला इथे भैरूला पकडल्यासारखं वाटलं. मग वाटलं, हे दोन्ही एकाच वेळी धरणारा दुसराही एक माणूस आहे आणि तो गाडी चालवतो आहे.

अडीचला घरी. मेथी यमुनाबाईंना दिली. त्या म्हणाल्या, “भैरूभाऊंकडे गेले होते? सांगायचं न, दही दिलं असतं मथुराबाईंसाठी.” सायलेन्सर निवायला पाऊण तास लागतो. नागोराव लेथसमोरच्या स्टुलावर बसून राहिला. मशीन चालू केली नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी तो हातमोजे चढवून पुन्हा गाडीखाली गेला. त्याने ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही. पाना हातात होता, खिशात तुकडा होता, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली की दिवा विझतो आणि टोपी असली की पुन्हा लागत नाही — हे सगळं हाताशी होतं, एवढंच. सेन्सर सोडवला, वायरीवर लोंबता ठेवला. तुकडा पाइपाच्या बुडाला लावला आणि दोन बोटांनी फिरवला. तो फिरत गेला. कुठे अडला नाही, डगमगला नाही. एकामागून एक आटा, जणू जागा त्याच्यासाठीच केली होती. हाताला फार बरं वाटलं. आणि हाताला बरं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा त्याचा हात थांबला.

“अहो,” वरून यमुनाबाई म्हणाल्या, “बाई आल्या.”

चारला अजून दहा मिनिटं होती. सुनीतीबाईंची सपाट, पॉलिश केलेली पादत्राणं टायरपाशी उभी होती.

“मी लवकर आले. आपलं चालू द्या,” त्या म्हणाल्या. “काही बिघडलंय का?”

नागोराव बाहेर आला. उठून उभा राहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्याने सांगितलं. हे तो सांगेल असं त्याला दिवसभरात एकदाही खात्रीने वाटलं नव्हतं, आणि आता सांगत होता, सुट्या सुट्या वाक्यांत. कन्व्हर्टर मूळचा नाही. बाहेरचा आहे. मागच्या सेन्सरखाली एक तुकडा होता, त्यामुळे दिवा लागत नव्हता. आज काढला तर लागला. गॅरेजवाल्याने न सांगता केलं.

बाईंनी पुरं ऐकून घेतलं, फळ्यासमोर पोराने गणित सोडवताना ऐकावं तसं.

“म्हणजे मागच्या रविवारी आपण म्हणालात ते चुकीचं होतं.”

“मला माहीत नव्हतं.”

“बरं. आता माहीत आहे.” त्यांनी पर्समधून घडी केलेला कोरा कागद काढला, त्याखाली धरायला एक वही, आणि पेन. “मग तसंच लिहा. काय मूळचं आहे ते राहू दे, काय नाही ते लिहा. गाडी घ्यायची की नाही ते मी घरी जाऊन ठरवीन. आणि आज चहा घेईन, आज चालेल.”

यमुनाबाई आत गेल्या. नागोरावने बॉनेटवर वही ठेवून लिहायला घेतलं. त्याचं अक्षर चांगलं होतं. एक : कन्व्हर्टर, बाहेरचा, डिसेंबर २०१६ मध्ये बसवलेला. दोन : मागच्या सेन्सरखालील तुकडा, स्टीलचा.

सुनीतीबाईंनी कागद उलटा वाचला. शिक्षकांना येतं ते.

“हा तुकडा कोणत्या कंपनीचा?”

भैरूचं नाव सकाळपासून जिभेवर होतं. ते लिहावं लागेल, त्याने मैत्री तुटेल, मथुराबाईंपर्यंत जाईल, याची तयारी त्याने हडपसरपासून खडकीपर्यंत केली होती. पण बाईंनी बसवणाऱ्याचं नाव विचारलं नव्हतं. नागोरावने भैरूवरचा राग शोधला, कारण राग असता तर लिहिणं सोपं गेलं असतं, आणि तो जिथे ठेवला होता तिथे नव्हता. तिथे फक्त स्वतःचं एक वाक्य होतं, नुकतंच, दोन मिनिटांपूर्वी, या बाईसमोर मोठ्याने म्हटलेलं — मला माहीत नव्हतं — आणि ते किती गुळगुळीत, किती न अडखळता तोंडातून गेलं होतं, हे त्याला आत्ता ऐकू येत होतं. बनवणाऱ्याचं नाव लिहिलं की ते वाक्य उभं राहणार नव्हतं. नाही लिहिलं तर हा कागद...

“आठवत नसेल तर राहू दे,” बाई म्हणाल्या. “तसं लिहा, आठवत नाही म्हणून.”

“नाही,” नागोराव म्हणाला. “आठवतं.”

त्या वाट बघत उभ्या राहिल्या. आत कपबशा वाजल्या. चार वाजून अकरा मिनिटांपर्यंत दुसऱ्या ओळीत ‘स्टीलचा’ या शब्दापुढे स्वल्पविराम होता, आणि स्वल्पविरामापुढे काही लिहिलेलं नव्हतं.